दुधावाचूनचा पहिला घास

लहान मूल असलेल्या आपल्या बहुतेक घरांत आप्तेष्टांचा पहिला प्रश्न दुधाचाच असतो. बाळ पोटभर दूध पिते ना, वरचे दूध कधी सुरू करणार, गाईचे द्यायचे की म्हशीचे? सहा महिने झाले की वरणभातावर तुपाची धार, वर्ष सरले की वाटीभर दूध, पुढे दहीभात आणि खीर, हा क्रम इतका रुळलेला आहे की त्याविषयी कोणी कोणाला काही विचारीत नाही. परंतु ज्या बालकाच्या शरीराला गाईच्या दुधातील प्रथिनेच सोसत नाहीत, त्याच्या पालकांना हा क्रम मुळापासून नव्याने मांडावा लागतो. इंग्लंडमध्ये राहून आम्ही दोघांनी गेल्या दीड वर्षात तो कसा मांडला, याची ही हकीकत आहे. आपल्या समूहात येत्या काळात ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांना तिचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

ही अ‍ॅलर्जी म्हणजे काय

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दूध न पचणे आणि दुधाची अ‍ॅलर्जी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुधातील लॅक्टोज ही साखर पचविणारे विकर कमी पडले की पोट फुगते, जुलाब होतात. ही पचनाची अडचण होय. अ‍ॅलर्जीत मात्र शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा दुधातील केसीन आणि व्हे या प्रथिनांना शत्रू समजते. म्हणूनच ‘लॅक्टोज-मुक्त’ दूध अशा बालकाच्या काहीच कामाचे नसते. त्यातील साखर काढलेली असते, प्रथिने तशीच असतात.

या अ‍ॅलर्जीचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, उलट्या होतात आणि क्वचित श्वास कोंडून जिवावर बेतते. अशा वेळी ब्रिटनमध्ये ९९९ या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. दुसरा प्रकार संथ असतो. त्यात लक्षणे काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी दिसतात: न हटणारा इसब, पोटदुखीने रडणे, शौचातून शेम किंवा रक्त पडणे, वजन न वाढणे. ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शनात शंभरातील दोन-तीन अर्भकांना ही अ‍ॅलर्जी असते असे सांगितले जाते. काटेकोर चाचणीने मोजल्यास हे प्रमाण आणखी कमी भरते.

आमच्या कन्येचा प्रकार दुसरा. दोन महिन्यांची असताना तिचे गाल आणि कोपरांचे खळगे इसबाने लाल झाले आणि पुढे शौचातून रक्ताचे धागे दिसू लागले. आरंभी आम्हांस ‘लहान बाळांना असे होतेच’ असे उत्तर मिळाले. आम्ही दररोजच्या नोंदी आणि छायाचित्रे घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी त्या शांतपणे पाहिल्या आणि निदानाचा मार्ग आखून दिला.

या संथ प्रकाराचे निदान रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीने होत नाही. आहारातून दूध दोन ते चार आठवडे पूर्णपणे वगळायचे, लक्षणे ओसरतात का ते पाहायचे आणि नंतर दूध पुन्हा सुरू करून ती परततात का याची खात्री करायची, हीच त्याची कसोटी. बाळ अंगावर पीत असल्याने पथ्य बाळाच्या आईला होते. चहातील दूध, दही, ताक, तूप, बिस्किटे, सारे थांबले. तिसऱ्या आठवड्यात कन्येचे गाल निवळले. चौथ्या आठवड्यानंतर ठरल्याप्रमाणे आईने पुन्हा दूध घेतले आणि दोन दिवसांत इसब परतला. बरे झालेल्या बाळाला पुन्हा त्रास होईल असे काही करणे मनाला जड जाते; तथापि ही दुसरी पायरी वगळली, तर अनेक बालके विनाकारण वर्षानुवर्षे दुधापासून दूर राहतात. ज्या बालकाला तत्काळ आणि तीव्र लक्षणे होतात, त्याच्यावर मात्र असा प्रयोग घरी कदापि करू नये.

दुधाची कामे वाटून देणे

घन आहाराची वेळ जवळ आली तेव्हा आमच्या आहारतज्ज्ञांनी सांगितलेली एक गोष्ट पुढे सतत उपयोगी पडली. दूध हा एक पदार्थ असला, तरी तो आहारात अनेक कामे करतो: कॅल्शियम देतो, आयोडीन देतो, प्रथिने देतो, स्निग्धांश आणि ऊर्जा देतो. दूध काढून टाकले की या प्रत्येक कामासाठी दुसरा कोणी तरी नेमावा लागतो.

ब्रिटनमध्ये एक वर्षाखालील बालकाला दिवसाला ५२५ मिलिग्रॅम आणि एक ते तीन वर्षांच्या बालकाला ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे असे मानले जाते. पहिल्या वर्षात त्याचा मोठा वाटा आईच्या दुधातून येतो. अंगावर न पिणाऱ्या बालकाला दुधातील प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला विशेष फॉर्म्युला डॉक्टर लिहून देतात. स्तनपान करणाऱ्या मातेचे स्वतःचे कॅल्शियमही या काळात राखावे लागते. तिची गरज दिवसाला १२५० मिलिग्रॅमपर्यंत जाते, म्हणून पथ्यकाळात बहुधा गोळ्या घ्याव्या लागतात. शिवाय अंगावर पिणाऱ्या बालकाला ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब रोज द्यावेत, ही येथील सर्वसाधारण सूचना आहेच. उत्तरेकडील मंद उन्हात सावळ्या त्वचेच्या आपल्या लेकरांना तर ते विसरून चालणार नाही.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि भारतीय किराणा दुकानांत तिचे पीठ सहज मिळते. नाचणीतील फायटेट हे द्रव्य कॅल्शियम आणि लोह शोषू देत नाही. मोड आणल्याने किंवा आंबविल्याने ते कमी होते. आपल्याकडे मोड आणून दळलेल्या नाचणीची लापशी बाळाला भरवीत आले आहेत, त्यामागे ही उपयुक्तताही आहे. येथील एक स्थानिक बाब अनेकांना ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये दळलेल्या गव्हाच्या पिठात कायद्यानेच कॅल्शियम मिसळतात, परंतु संपूर्ण कोंड्याच्या पिठाला हा नियम लागू नाही. म्हणून पिठाच्या पिशवीमागील घटकांची यादी वाचून आम्ही बाळाच्या पोळीचे पीठ निवडले.

आयोडीन हे दुधाचे असे काम, जे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ब्रिटनमधील लोकांना ते मोठ्या प्रमाणात दुधातूनच मिळते. आमच्या घरी ते काम अंडे आणि पांढऱ्या मासळीकडे आले. पाण्यातील डबाबंद सार्डिन मऊ काट्यांसह कुस्करून भातात कालवली की कॅल्शियमचीही भर पडते. ओट किंवा सोयाची पेये पहिल्या वर्षात दुधाऐवजी मुख्य पेय म्हणून द्यायची नसतात. स्वयंपाकात मात्र वापरता येतात. सोयाही काही बालकांना सोसत नाही, म्हणून तो स्वतंत्रपणे आणि विचारून सुरू करावा. पेय निवडताना कॅल्शियम आणि आयोडीन घातलेले, साखर नसलेले घ्यावे; ‘सेंद्रिय’ पेयांत ही भर बहुधा नसते. तांदळाचे पेय अर्सेनिकमुळे पाच वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे येथील अन्नमानक यंत्रणा सांगते.

पहिले घास

सहा महिन्यांच्या सुमारास, मान सावरून बसू लागल्यावर आणि हातातील वस्तू तोंडाकडे नेऊ लागल्यावर, आमच्या कन्येने उकडलेल्या गाजराचा पहिला घास घेतला. मग रताळे, मुगाचे घट्ट वरण, मऊ भात, नाचणीची लापशी. मीठ, साखर, गूळ नाही. मध तर वर्षाच्या आत कोणत्याच बालकाला नाही. तुपाच्या जागी शेंगदाण्याचे किंवा मोहरीवर्गातील रेपसीडचे तेल चमचाभर. साजूक तूप कढवून गाळलेले असले, तरी त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून ते ‘शुद्ध’ असल्याचा येथे काही उपयोग नाही.

दूध वगळल्यावर इतर अ‍ॅलर्जीकारक पदार्थांनाही घाबरून दूर ठेवण्याकडे मनाचा कल होतो. शास्त्र मात्र उलट दिशेने गेले आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांचा ‘लीप’ हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बालकांपैकी ज्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. आपल्या स्वयंपाकात दाण्याचे कूट जागोजाग असते, ही या बाबतीत जमेची बाजू आहे. मात्र अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत देऊ नये, घशात अडकतो; अगदी बारीक वाटून लापशीत मिसळावा. तीव्र इसब किंवा आधीच एखादी अ‍ॅलर्जी असेल, तर डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. आम्ही आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने एका वेळी एकच नवा पदार्थ, सकाळच्या वेळी, चमच्याच्या टोकावर बसेल इतका दिला आणि तीन दिवस त्याची नोंद ठेवली. आमच्या व्यवसायात एका वेळी एकच बदल करण्याची शिस्त असते, कारण दोन बदल एकदम केले की बिघाड कशाने झाला ते कळत नाही. ती शिस्त येथे कामी आली. अंडे, शेंगदाणा, गहू, मासळी, तीळ हे सर्व वर्षाच्या आत निर्विघ्न पार पडले.

आजीचे दुःख

पदार्थांपेक्षा माणसांना समजावणे अवघड होते. नागपूरची आजी पडद्यावर नातीला पाहत असे आणि दर खेपेस विचारीत असे, “एक चमच्यानं काय होते? म्हशीचं देऊन पाहा, चांगलं उकळून दे.” म्हैस, शेळी, मेंढी यांच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधासारखीच असल्याने तीही चालत नाहीत आणि घरगुती उकळण्याने केसीन नष्ट होत नाही, हे आम्ही शास्त्रोक्त भाषेत सांगत राहिलो. आजी ऐकून घेत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारीत.

एके दिवशी त्यांचा बांध फुटला. “आमच्या घरी दूध चहापुरतं येत होतं, तेही उसनं. तुम्हाला पाजता यावं म्हणून आम्ही काय काय केलं. आता तुमच्याजवळ सगळं आहे, अन् माझ्या नातीले दूध नाही?”

त्या वाक्यानंतर आमचा सूर बदलला. ज्या पिढीच्या ताटात दूध आलेच नाही, तिच्यासाठी नातीच्या हातातील दुधाचा पेला ही दोन पिढ्यांच्या कष्टांची पावती असते. ती पावती नाकारली जात आहे, असे आजींना वाटत होते. मग आम्ही त्यांनाच विचारले, “आई, तुमच्या लहानपणी घरी दूध नव्हते, तर लहान लेकरांना काय भरवीत?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग सांगू लागल्या: ज्वारीच्या कण्या पाण्यात मऊ शिजवून, मुगाचे वरण, भाकरीचा पापुद्रा वरणात कुस्करून, वाटलेल्या जवसाची चिमूट. शेतमजुरीला जाणाऱ्या आयांनी दुधावाचून लेकरे वाढविण्याची एक पद्धत सांभाळली होती आणि ती आमच्या घरात विचारणारे कोणी नसल्याने अबोल राहिली होती.

या आठवणींचे उदात्तीकरण करण्याची आमची इच्छा नाही. त्या काळी अनेक लेकरे अशक्त राहिली, काही गेली. पातळ पेजेने पोट भरते, परंतु वजन वाढत नाही, हे आजींनीच सांगितले. म्हणून आम्ही त्यांची पाककृती आहारतज्ज्ञांपुढे ठेवली. कण्या घट्ट शिजवायच्या, त्यात दाण्याचे कूट आणि तेल घालायचे, सोबत अंडे किंवा मासळी ठेवायची आणि ठरलेल्या दिवशी वजन करून वाढीच्या आलेखावर खूण करायची, असे ठरले. नात वाडगे चाटूनपुसून खाते, हे पाहिल्यापासून आजींनी दुधाचा विषय काढलेला नाही. आता त्या कण्या नीट शिजल्या की नाही, एवढेच विचारतात.

पाकिटामागची अक्षरे

घराबाहेरच्या अन्नासाठी येथील कायदा मोठा आधार आहे. ब्रिटनमध्ये १४ अ‍ॅलर्जीकारक घटक पाकिटावरील यादीत ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक आहे आणि दूध त्यांपैकी एक आहे. नताशा एडनान-लपरूज या किशोरवयीन मुलीचा २०१६ मध्ये पावातील न छापलेल्या तिळामुळे मृत्यू झाला. तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नांतून ‘नताशाचा कायदा’ झाला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बांधून ठेवलेल्या खाद्यपदार्थांवरही घटकांची पूर्ण यादी आवश्यक ठरली. ‘वीगन’ ही खूण मात्र अ‍ॅलर्जीची हमी नव्हे. यादी वाचावीच लागते. नान, ग्लुकोज बिस्किटे, तयार मसाले, ब्रेड, सॉसेज अशा अनपेक्षित जागी दूध लपलेले आढळते. गावाहून कोणी प्रेमाने आणलेल्या बेसनाच्या लाडवांच्या डब्यावर तर कसलीच पट्टी नसते. तेथे विचारण्यात संकोच बाळगू नये.

शिडी

सुदैवाने बहुतेक बालके या अ‍ॅलर्जीतून बाहेर पडतात. संथ प्रकारात बहुधा तीन वर्षांपर्यंत, तत्काळ प्रकारात अधिक काळ लागतो. संथ प्रकारासाठी ब्रिटनमध्ये ‘दुधाची शिडी’ वापरतात. तिच्या सहा पायऱ्या आहेत: दूध घालून भाजलेले बिस्किट, मफिन, पॅनकेक, चीज, दही आणि शेवटी दूध. निदान सहा महिने दूध वगळल्यानंतर, साधारणतः नऊ महिने ते एक वर्ष या वयात, आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली तिचा आरंभ होतो. भट्टीच्या तीव्र आणि दीर्घ उष्णतेने काही प्रथिनांचे रूप बदलते आणि गव्हाच्या पिठात गुंतल्याने ती शरीराला कमी टोचतात, हे तिच्यामागचे तत्त्व. तत्काळ लक्षणे होणाऱ्या बालकाने तज्ज्ञांवाचून ही शिडी चढू नये.

आमची कन्या वर्षाची झाल्यावर बिस्किट आणि मफिन सहज चढली. पॅनकेकवर कोपरांचे खळगे पुन्हा लाल झाले. आम्ही मफिनवर परतलो, काही महिने थांबलो. आता ती एकोणीस महिन्यांची आहे आणि गेल्या महिन्यात पॅनकेक तिने निभावून नेला. पुढे चीज आहे. ते सोसेल की पुन्हा एक पायरी उतरावी लागेल, हे तिचे शरीर सांगेल.

समूहापुढे एक सूचना

बुद्धपौर्णिमेला आपण भाड्याच्या सभागृहात जमतो आणि खीरदान करतो. कठोर उपवासांनी क्षीण झालेल्या सिद्धार्थाला सुजातेने खीर दिली, त्या स्मरणाने ती वाटली जाते. त्या देहाला त्या वेळी पेलेल आणि बळ देईल, असे अन्न तिने पुढे केले. गेल्या पौर्णिमेला आमची कन्या कडेवर असताना तीन-चार मावश्या आणि काकांनी वेगवेगळ्या वेळी प्रेमाने तिच्या ओठांजवळ चमचा आणला. प्रत्येकाला आम्ही हात जोडून थांबविले आणि कोणीही रागावले नाही. उलट दोघींनी आपल्या नातवंडांच्या अशाच तक्रारी सांगितल्या. म्हणजे हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवितो. सामूहिक भोजनात प्रत्येक भांड्यापुढे एक चिठ्ठी असावी आणि तीत त्या पदार्थातील अ‍ॅलर्जीकारक घटक मराठीत आणि इंग्रजीत लिहावेत. खिरीचे एक भांडे नारळाच्या दुधात शिजवावे, त्याचा डाव वेगळा ठेवावा आणि ते आधी वाढावे. आणि कोणाच्याही बाळाला काही भरविण्यापूर्वी त्याच्या आईवडिलांना विचारावे. पहिल्या दोन कामांची जबाबदारी आगामी पौर्णिमेसाठी आम्ही घेतो. चिठ्ठ्या लिहिण्यास आणखी दोघे जण पुढे आल्यास बरे होईल. इच्छुकांनी भोजन समितीकडे नाव द्यावे.